आधी बूड, मग पाय

हाडांच्या दवाखान्याच्या पोर्चमध्ये मामांनी आपली उमेदीची सगळी वर्षं घालवली. काम एकच. गाडी थांबली की दार उघडायचं, आतल्या माणसाला बाहेर काढून व्हीलचेअरवर बसवायचं, आणि बरा होऊन निघाला की परत गाडीत घालायचं. ऐकायला सोपं वाटतं. एकदा मोडक्या पायाचा, वजनदार आणि वर तिरसट माणूस बसक्या गाडीतून उपसून बघा, म्हणजे कळेल.

मामांना माणसं तोंडावरून लक्षात राहत नसत, उतरण्यावरून राहत. कुणी आधी काठी बाहेर काढी, मग एक बूट, मग बराच वेळ काहीच नाही. कुणी दाराला असं लोंबकळे की माणसाआधी दारावरच उपचार करावे लागतील. एक निवृत्त हेडमास्तर गाडीत डोकं खुपसून शिरत आणि अर्धे आत गेल्यावर, आता पुढे काय, असं मामांनाच दरडावून विचारत. या सगळ्यांसाठी मामांची एकच रीत होती. एक हात काखेत घालायचा, दुसरा दाराच्या वरच्या कडेवर ठेवायचा, "घट्ट धरा मला" म्हणायचं आणि ओढायचं. इतक्या वर्षांत त्यांनी एकाचंही डोकं आपटू दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते समोर सापडेल त्याला ऐकवत.

मग वरच्या मजल्यावरच्या आयामावशींची पोर्चमध्ये बदली झाली आणि मामांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना.

मावशी कुणाला ओढत नसत. पेशंटला गाडीकडे पाठ करून उभं करत, पोटऱ्या सीटला टेकेपर्यंत हळूहळू मागे आणत आणि म्हणत, "आधी बूड, मग पाय." सीटवर त्यांनी एक मोठी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरलेली असे, चादरींच्या दुकानात मिळते तसली. माणूस तिच्यावर टेकला की मावशी त्याचे दोन्ही पाय तळहातांवर घेत, आणि अख्खा माणूस अलगद आत वळे. ओरडणं नाही, कण्हणं नाही. वर मावशींना तोंडभर आशीर्वाद.

माणूस जळणार नाही तर काय करणार? पिशवी घेऊन कोणीही शहाणपणा करेल, असं मामा सगळ्यांना सांगत फिरले. पण घरी निघालेले पेशंट त्यांच्या पसरलेल्या हातांकडे बघून न बघितल्यासारखं करत आणि विचारत, मावशी कुठे आहेत? मामांच्या अंगाचा तिळपापड होई. एक दिवस हेडमास्तरही फितूर झाले. मावशींच्या हुकमावर आधी बूड टेकवून, शाळेतल्या पोरासारखे मुकाट आत वळले. त्या दिवशी मामांनी डबा न उघडताच घरी नेला.

अशातच मामांच्या बायकोचा खुबा बदलायची वेळ आली. ऑपरेशन याच दवाखान्यात झालं, नीट पार पडलं. हिला गाडीत मी बसवणार, माझ्या हातांनी, असं मामांनी वॉचमनपासून औषधांच्या खिडकीवरच्या माणसापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं. निदान स्वतःची बायको तरी दुसऱ्या कुणाचं नाव घेणार नाही, एवढी त्यांची खात्री होती. मग त्यांना कळलं की काम संपलं की मावशी वर जाऊन तिच्याजवळ बसतात, तिचे केस विंचरून देतात. पोर्च घेतला तो घेतला, आता ही बाई घरातही शिरते की काय?

घरी जायच्या दिवशी पहिला नंबर बायकोचाच होता. मामा भल्या सकाळी कामावर आले. दाराआडच्या खुंटीवर पिशवी लटकत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ती चुरगाळली आणि पोर्चमधल्या कचऱ्याच्या पिंपात, चहाच्या कपांखाली, कोपरापर्यंत हात घालून दाबून टाकली. आजच्या दिवशी तरी मावशींचं नाव निघायला नको.

मेहुणा गाडी घेऊन आला. बायकोनं वॉकर धरून आपणहून गाडीकडे पाठ केली. हे वरच शिकून आली होती, मामांच्या लगेच लक्षात आलं आणि ते अधिकच पेटले. त्यांनी काखेत हात घातला, वरच्या कडेवर दुसरा ठेवला आणि सवयीनं ओढलं. बायको कळवळली. सीटच्या काठावर अर्धी टेकलेली, अर्धी अधांतरी, नवा खुबा धड आत नाही धड बाहेर नाही.

"सोडा," ती दात आवळून म्हणाली. "मावशींना बोलवा."

"मी असताना?"

"तुम्ही ओढता. त्या ओढत नाहीत."

औषधांच्या खिडकीवरचा माणूस ऐकत होता. वॉचमनही ऐकत होता. मावशी धावत आल्या, तिच्या पाठीला हात दिला आणि खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी. कालच तर लावली होती, त्या पुटपुटल्या, आणि म्हणाल्या की खुबा अजून कच्चा आहे, सीटवर घासत फिरवला तर निखळेल. पिशवी मिळेपर्यंत हिला अशीच धरून ठेवावी लागेल.

मामांच्या मनात पहिलं काय आलं असेल? ही बाई उगाच बाऊ करते, असं आलं. जळणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण बायकोनं दार घट्ट धरून ठेवलं होतं, आणि तिच्या डोक्यावरच्या कडेवर त्यांचा स्वतःचा हात अजून तसाच होता, जिथे डोकं आपटायची काही भीतीच नव्हती.

त्यांनी हात काढला. पिंपापाशी गेले. शोधावं लागलंच नाही, हात सरळ पिशवीवर पडला. चहा गळत होता. सगळ्यांनी पाहिलं.

मावशींनी पिशवीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या की नीट पुसून द्या. मामांनी ती आपल्या पांढऱ्या शर्टाला पुसली. बायको हूं की चूं न करता आत वळली. घरी उतरवताना लागेल, म्हणून मावशींनी पिशवी तिच्याखालीच राहू दिली.

वाटेत मेहुणा म्हणाला, "भावोजी, पिशवी बरी सापडली हो लगेच."

घरापाशी उतरवायला मामाच होते. त्यांनी दोन्ही पाय तळहातांवर घेतले. इतक्या वर्षांत त्यांनी माणसं काखेतून उचलली, पायाला कधी हात लावला नव्हता. बायको अलगद बाहेर वळली. इतकं सहज झालं की मामांच्या नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या.

वॉकरवर उभी राहून तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "माझा खुबा निखळला असता, म्हणजे मन भरलं असतं का तुमचं?"

मामा खाली मान घालून म्हणाले, "मला वाटलं, तू तरी माझं नाव घेशील."

"घेणारच होते," ती म्हणाली. "वर मावशींनीच बजावलं होतं मला. खाली गेलीस की आधी त्यांना हाक मार, म्हणाल्या, माणूस मनाला फार लावून घेतो."

ती वॉकर टेकत आत गेली. मामा पिशवी हातात धरून गाडीपाशी उभे राहिले.