साळूबाईचा डावा हात

मुकुंदवाडीत स्टेशनाच्या अलीकडं साळूबाईचं घर कुठं म्हणून विचारलं, तर सांगणारी बाई घर तर दाखवतेच, वर पाठ वळवून साळूबाईनं शिवलेला गळाही दाखवते. इतकी तिच्या हाताची ख्याती. पण तिचा खरा जीव शिवण्यापेक्षा शिकवण्यात. दर गुरुवारी एसटीनं फुलंब्रीला जायची आणि बचत गटाच्या पोरींना ब्लाउज बेतायला शिकवायची. शिवलेलं विरून जातं, शिकवलेलं विरत नाय, असं म्हणायची, आणि म्हणता म्हणता कुणाची तरी वाकडी शिवण उसवून हातात द्यायची.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं एसटीची पायरी बंद केली. गुरुवार आला की साळूबाई सकाळपासून घरातल्या घरात काठी टेकत फिरायची, पिंजऱ्यातल्या पोपटासारखी. मग एक दिवस फुलंब्रीहून गटाच्या सुलेखाचा फोन आला.

"बाई, पोरी खोळंबल्यात. इथलीच एक बाई शिकवायला तयार झालीय. तुम्ही म्हणता घरी बसून मोबाईलवर शिकवते, तर येत्या गुरुवारी एकदा शिकवून दाखवा. पोरींना उमगलं तर वर्ग तुमचाच. नाय उमगलं तर मी तरी काय करू?"

साळूबाईनं "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी तिला भाकर गेली नाही.

आधी सत्यमनं, म्हणजे लेकानं, अक्कल लढवली. मोबाईल उंचावर बांधला, खाली कापड पसरलं, आणि शेजारच्या घरी जाऊन फोनवर बघितलं काय दिसतं ते. रेघ मारायला साळूबाई वाकली की मधी तिचंच डोकं. परत येऊन म्हणाला, "आई, पोरी ब्लाउज नाय शिकणार, भांग पाडायला शिकतील."

मग सून पुढं झाली. श्रेया पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये कामाला. तिच्याकडं एक जुना लॅपटॉप होता, पडदा उलटा दुमडला की पाटीसारखा होणारा. त्याच्यावर पेननं लिहिता येतं आणि लिहिलेलं पार फुलंब्रीला दिसतं. फक्त विंडोज घातलं की तो म्हातारा म्हशीसारखा बसकण मारायचा. श्रेया म्हणाली, "आत्याबाई, याच्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालू. हलकं असतं, फुकट असतं, आणि आपल्याला पाहिजे तसं वळवता येतं."

"घाल बाई. सून वळली नाय, हे तरी वळू दे."

श्रेया हसली. लिनक्सचं असं की ते एक नसतं, त्याच्या तऱ्हा लई. पण त्यातल्या बऱ्याच तऱ्हा पेनड्राइव्हवरून नुसत्या चालवून बघता येतात. चप्पल पायात घालून दोन पावलं चालून बघावं, तसं. श्रेयानं तीन पेनड्राइव्ह भरून आणले.

पहिली तऱ्हा दिसायला नवरीसारखी. मोठी मोठी बटणं, बोट लावलं की पळणारी. साळूबाई बसणार खाटेवर, पाटी मांडीवर, आणि तीही उभी धरणार, कारण ब्लाउजचं कापड उभं धरायचं असतं. पाटी उभी केली, चित्र फिरलं, पण पेन काही फिरलं नाही. टेकवावं खांद्यावर अन् रेघ उठावी कमरेला.

"हिला माहेरी पाठव," साळूबाई म्हणाली.

दुसरी हलकी, चटकन उघडणारी, पण बटणं तिळाएवढी, चष्मा पुसून पुसून दमायचं काम. तिसरी मात्र जमली. पाटी फिरवली की पेनही फिरलं. जोर दिला की रेघ जाड, सैल धरलं की बारीक. पडद्यावर वही उघडली, चौकटीचा कागद आला, श्रेयानं झरझर एक गोल काढून दाखवला. साळूबाईनं पेन घेतलं, आणि पान सुटलं पळत. रेघ मारायला जावं तर कागद वर सरकायचा, मधीच मोठा व्हायचा, नको तिथं ठिपका पडायचा. श्रेयाच्या हातात गरीब गाय, साळूबाईच्या हातात खोंड.

श्रेयानं वहीचा प्रोग्राम बदलला. पुन्हा तेच. तिसरा घातला, तेच. बुधवार उजाडला.

"ऱ्हाऊ दे," साळूबाई म्हणाली. "मशीनला बी माणूस कळतंय. सुलेखाला सांगते, घे म्हणावं ती दुसरी बाई."

"आत्याबाई, तुम्ही काय वेगळं करता ते मला कळू द्या आधी."

"मी काय करणार? रेघ मारती."

दुपारी शेजारीण कापड घेऊन आली. साळूबाईनं ते टेबलावर पसरलं आणि खडू घेतला. श्रेया चहाचा कप हातात घेऊन बघत उभी राहिली, आणि कप तसाच राहिला. साळूबाईचा डावा हात पहिल्यांदा कापडावर आला. सगळा पंजा, बोटं पसरून. कापड धरून झालं, मग उजव्या हातातला खडू टेकला.

"आत्याबाई, डावा हात कामून ठेवता?"

"कापड सरकत नाय का मग."

"पण पडदा कुठं सरकतोय?"

साळूबाई आपल्या हाताकडं बघत राहिली, जणू कुणी पाहुणा विचारल्याबिगर घरात शिरला होता. श्रेया जवळ येऊन बसली. "पेन पडद्याजवळ आलं की हे मशीन हाताकडं लक्ष देत नाही, पेनचंच ऐकतं. पण तुमचा हात पेनच्या आधी येतो. त्याला वाटतं, पान सरकवायला सांगताय."

डावा हात मांडीवर ठेवून साळूबाईनं एकदा करून बघितलं. मुंढ्याचा, म्हणजे काखेकडचा, गोल असा निघाला की बाही लावायची तर माणसाला दोन खांदे कमी पडावेत. जन्मभराची सवय, तिला एका दिवसात कुठं घालवणार?

"मग हाताला नाय, मशीनलाच समजावू," श्रेया म्हणाली. चहा गार झाला तरी ती खटपट करत होती. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात एक मोठं बटण आलं. दाबलं की पडदा बोटाला बहिरा, फक्त पेनचं ऐकणार.

साळूबाईनं दाबलं, पंजा ठेवला, रेघ मारली. पान जागचं हललं नाही. मग तिला शंका आली. "बोटाला बहिरा झाल्यावर बटण पुन्हा कशानं दाबू?"

"पेननं."

"हां. म्हणजे बायकोचं ऐकतो, आईचं नाय."

पलीकडून सत्यम म्हणाला, "मी काय केलं आता?"

गुरुवारी फुलंब्रीला गटाच्या खोलीत टीव्ही लावला होता, आणि समोर कापडं पसरून पोरी बसल्या होत्या. साळूबाईनं सुरुवात केली. खांदा, गळा, मुंढा. रेघा सरळ उतरत होत्या, पण तिकडं सगळं चिडीचूप. समोर पोरी असल्या की त्यांची तोंडं बघून कळतं, इथं पडद्याच्या कोपऱ्यात तोंडं होती सुपारीएवढी.

अखेर मोनिका नावाची पोर धिटाईनं बोलली. "बाई, रेघ दिसती, तुमचा हात दिसत नाय. आमचं कापड सरकतंय."

साळूबाईनं श्रेयाकडं बघितलं. श्रेयानं मान हलवली, हात दाखवायची सोय तिच्याकडंही नव्हती. मग साळूबाईनं डावा पंजा पडद्यावर पालथा ठेवला आणि लाल रंग घेऊन त्याच्या कडेकडेनं पेन फिरवलं, एकेक बोट धरून. हात उचलला तर मुंढ्याच्या शेजारी तिचा पंजा उमटलेला.

"हितं ठेवा," ती म्हणाली. "बोटं पसरून. दाबायचं नाय. आपण धरलंय एवढं कापडाला कळलं म्हणजे झालं."

टीव्हीसमोर सगळ्या पोरींचे डावे हात कापडावर गेले. थोड्या वेळानं कात्र्यांचा आवाज यायला लागला, आणि साळूबाईनं पाठ भिंतीला टेकली.

सुलेखा तिकडं कॅमेऱ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, पुढच्या गुरुवारी बाह्या घेता का? त्या दुसऱ्या बाईंना मी आजच निरोप देते."

"बाह्यांचं मग बघू. आधी पोरींनी काय कापलंय ते दाखव."

पोरी एकेक करून कापडं समोर धरायला लागल्या. साळूबाई चष्मा सावरून पुढं वाकली.

"मोनिका, हा गळा हाय का विहीर? घे दुसरं कापड."