खिल्लारे सरांची पाववाली

खिल्लारे सर वर्गाकडे तोंड ठेवून, हात मागे नेऊन फळ्यावर युरोपचा नकाशा काढत. नदी आली की म्हणत, "ही आपली कयाधूच समजा, फक्त उन्हाळ्यातही पाणी असलेली." त्या युरोपात ते कधी गेले नव्हते. शिरड शहापूरच्या मेंढपाळाचा हा मुलगा हैदराबादला राहून फ्रेंच शिकला आणि निवृत्त होईपर्यंत हिंगोलीच्या कॉलेजात इतिहास शिकवत राहिला.

नंतर ते एकच पुस्तक लिहीत होते. फ्रान्समधल्या एका गावात फार पूर्वी महागाईवरून दंगा झाला, त्यात पाव विकणारी एक बाई गोळी लागून मेली. पहिला दगड तिनंच मारला, असं पोलिसांच्या कागदात होतं. दुसरा पुरावा सापडत नव्हता. डोळे अधू झालेले. सर भिंगातून त्या कागदांच्या झेरॉक्स वाचत आणि पुस्तकातलं तिचं प्रकरण तिथंच अडून राही.

मी त्यांची विद्यार्थिनी, चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. मला ती बाई फार आवडली. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळद निवडणाऱ्या बायांनी सावलीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी धरणं धरलं, तेव्हा मी त्या पाववालीवर पत्रक छापलं: 'पहिला दगड बाईनंच मारला होता!' खाली आधार म्हणून सरांचं नाव. वाटून झाल्यावर एक प्रत अभिमानानं त्यांना नेऊन दिली.

भिंगाखाली धरून त्यांनी ती दोनदा वाचली. रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

"काहून लिहिलंस पोरी हे?"

ती लढली हे सांगायला नको का, असं मी तावातावानं विचारलं.

"पोलिसाच्या कागदात गरीब माणूसच आधी दगड मारतो. त्याबिगर गोळी बराबर कशी ठरंल? उद्या मोंढ्यात एखादा खडा उडाला, तर हाच कागद त्या बायांवर लावतील."

मी स्कूटीची किल्ली उचलली. धरण्यासमोर सकाळपासून पोलीस उभे होते. सर चपला घालून माझ्या स्कूटीवर मागे बसले.

मोंढ्यात उभी राहून मी सांगितलं, लिहिलंय त्याला पुरावा नाही, कागद परत द्या. बायांनी दिले, काहींवर भाकरीसोबतच्या चटणीचं तेल लागलं होतं. सगळ्यांत वयस्क कौसाबाईंनी सरांनाच गाठलं. मग त्या बाईनं केलं तरी काय, गुरुजी?

"ठाऊक न्हाई. कवापासून शोधून राहिलो."

"मेली कुठं?"

"चौकात. लोकं पळाली तिथंच."

"मंग पळाली न्हाई ती. थांबली व्हती. थांबनं काय कमी असतंय व्हय?"

सरांनी खिशातून वही काढली आणि कौसाबाईंना त्यांचं पूर्ण नाव, गाव विचारलं.

बायांना पत्र्याची सावली मिळाली, नळही आला. सर वारल्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य आहे: 'पहिला दगड कुणी मारला हे मला कळले नाही, ती मात्र थांबली होती.' खालच्या टिपा सगळ्या फ्रेंच कागदांच्या. या वाक्याखाली एवढंच आहे: 'कौसाबाई खंदारे, हळद कामगार, मोंढा, हिंगोली. यांनी मला दाखवून दिले.'