मुन्शीजींचा अर्ज

काल लातूरला बँकेत शाईच्या पॅडचा वास आला आणि तालुक्याची कचेरी आठवली. मी सातवीत होते. अर्ज भरायला आबा, म्हणजे माझे आजोबा, मला घेऊन गेले होते. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, मराठी लिहिता येत नव्हतं. अरबस्तानातून इराणमार्गे आमच्या खेड्यापर्यंत आलेली ती अक्षरं गावात त्यांनाच वाचता यायची. जुने कागद घेऊन लोक त्यांच्याकडेच येत, मुन्शीजी म्हणत.

आबांनी उजवीकडून डावीकडे झोकदार सही केली. कारकून हसला.

"बाबा, हे काय किडे काढून राहिलात? अंगठा लावा."

"साहेब, शिकलेला हाय मी."

"ते राज्य गेलं आता. पोरी, शिक्षणाच्या रकान्यात निरक्षर लिही."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "लावा की आबा, चाकूरची बस चुकंल."

त्यांनी अंगठा लावला. शाई धोतराला पुसली. बस मिळाली.

त्यानंतर कुणी जुना कागद आणला की आबा म्हणायचे, "मला वाचता येत न्हाई. सरकारनं तसं लिहून दिलंय."

सरकारनं नाही, मी लिहून दिलं होतं. वर्गात बक्षीस मिळालेल्या अक्षरात.