पसंती, व्हाया बदलापूर

आमच्या मुलीचं लग्न बदलापूरच्या साठ्यांनी जमवलं. त्यांनी मुलगी पाहिलेली नाही आणि मुलगाही नाही.

दोष माझ्या चौकसपणाचा. मी परवाना असलेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. (आमच्या वळ गावात याचा अर्थ 'बिनकामाचा' असा घेतात.) हल्ली मी माइकवर बोलत नाही. कॉम्प्युटरवर अक्षरं टाइप करतो, सॉफ्टवेअर त्यांचा किलबिलाट करतं आणि रेडिओ तो हवेत सोडतो. पण रेडिओनं सोडायला सुरुवात कधी करायची? त्याचे सेटिंगमध्ये पाच प्रकार! मला कसलं स्वस्थ बसवतंय? रोज एक प्रकार लावून पाहिला. रविवारी पाळी 'व्हॉक्स'ची आली. यात कॉम्प्युटरमधून कसलाही आवाज निघाला, की तो स्पीकरऐवजी वायरीतून थेट रेडिओत जातो आणि रेडिओ आपोआप चालू होतो. काय सुंदर कल्पना!

त्याच रविवारी खारबावची मंडळी पल्लवीला पाहायला आली. आईवडील सोफ्यावर आणि मुलगा नितेश जहाजावर, म्हणून तो व्हिडिओ कॉलवर. घरात मोठा पडदा एकच, माझा! पल्लवी इथल्या एका गोडाऊनमध्ये शिफ्ट इन्चार्ज आहे आणि सगळं तिच्या एका प्रश्नावर अडलं होतं. तिनं चहाचा ट्रे ठेवला आणि पडद्याकडे बघून विचारलाच.

"लग्नानंतर मी ड्युटी सोडणार न्हाय. चालंल?"

नितेशचे ओठ हलले. बराच वेळ हलले. आवाज शून्य! माझ्या रेडिओचा लाल दिवा मात्र झगझगीत लागला. मी तो कौतुकानं पाहत राहिलो. (व्हॉक्स झकास चालत होतं.)

"मुका हाय का पोरगा?" माझी थोरली बहीण, आक्का, कुजबुजली. तिची कुजबुज हायवेपर्यंत जाते. नितेशची आई ताठ झाली. पल्लवीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. बदलापूरहून साठे, माझे रेडिओमित्र.

"अहो, तुमच्या सिग्नलवर कोणीतरी मुलगा बोलतोय. ड्युटीबद्दल!"

होणारा जावई माझ्या परवान्यावर बिनपरवाना प्रक्षेपण करत होता! (संबंधित खात्यानं हा परिच्छेद वाचू नये.) "वायर काढतो!" म्हणत मी टेबलाखाली शिरलो.

"खबरदार!" आक्का कडाडली. "बोलणी मधीच तोडायची न्हायत. अपशकुन हाय!"

मग मी वायर सोडून सेटिंगमध्ये घुसलो. पाचांपैकी कुठला प्रकार निवडावा, या विचारात भलतंच बटण दाबलं गेलं आणि रेडिओतून लांबलचक एकसुरी शिट्टी सुटली.

"आता तो शिट्टी मारतोय," फोनवर साठे म्हणाले.

माझी बायको सुमन हिनं माझ्या हातातला माउस काढून घेतला. "अवो, त्या साठ्यांना ऐकू येतंय ना? मग त्यांनाच विचारा की!" तिनं फोन स्पीकरवर टाकला. आमचा आवाज नितेशला नीट जात होता, त्यामुळे पल्लवीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. नितेशचे ओठ हलले. लाल दिवा लागला.

साठ्यांनी घसा खाकरला. "तो म्हणतोय, ड्युटी अजिबात सोडू नकोस. मी सहा महिने समुद्रावर, तू घरात बसून काय करणार? ओव्हर."

पल्लवी लाजली. (इन्चार्ज झाल्यापासून पहिल्यांदाच!) नितेशच्या बाबांना मात्र खरं वाटेना. ते फोनवर वाकले. "साहेब, आमचा पोरगा खरंच असा बोलला?"

"शब्दशः! पुण्याचे एक आणि नागपूरचे दोघे ऐकतायत, तेही साक्षीला आहेत. ओव्हर."

आक्कानं पेढ्यांचा बॉक्स उघडला. पण नितेशचे ओठ पुन्हा हलले, आणि साठे नुसतेच 'अं... अं...' करू लागले.

"बोला की!" मी ओरडलो.

"तो म्हणतोय, मुलगी पसंत आहे," साठे चाचरत म्हणाले. "पण तिच्या वडिलांचं हे जे काही आहे, ते आनुवंशिक नाही ना? ओव्हर."

"न्हाय!" अख्खी खोली एका सुरात ओरडली. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.