आसा राजाचा पाय

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. इतिहासात बी.ए. केलं आणि बायबलही त्याच नजरेनं वाचायला लागले: हे कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी. त्याचा मला अभिमान आहे, आजही. पण बाबांचा पाय काळा पडत चालला तेव्हा ते वाचन कामाला येईना, आणि माझी प्रार्थनाही ओठांवरच अडायला लागली.

बाबांना साखरेचा जुना आजार. डॉक्टर म्हणाले, पायाची दोन बोटं काढावी लागतील; उशीर केला तर अख्खा पाय जाईल, कदाचित जीवही. बाबांची रीत अशी, की अडचणीत डोळे मिटून बायबल उघडायचं आणि समोर येईल ते वचन प्रभूचं उत्तर मानायचं. दवाखान्यात त्यांनी उघडलं, तर नेमका जुन्या करारातला आसा नावाचा राजा निघाला. पायाला रोग झालेला, देवाला सोडून वैद्यांकडे गेलेला, आणि मेलेला. झालं! बाबांनी ऑपरेशनला साफ नकार दिला.

त्या काळचे वैद्य म्हणजे आजचे डॉक्टर नव्हेत, हे मी समजावायला गेले. "लई शिकलीस," बाबा म्हणाले, "आता देवालाच शिकव. जा बाहेर." मग ते माझ्याशी बोलेनातच.

शेजारच्या खाटेवर दृष्टी गेलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी, दौलताबादकडच्या एक बाई, त्यांना रोज बायबल वाचून दाखवायच्या, कथा सांगावी तसं, सलग. त्यांनी बाबांना विचारलं, "भाऊ, कोणतं वचन निघालं?" बाबांनी सांगितलं.

"अगं बाई! राजा तुम्हाला त्याच्या मरणापाशीच भेटला की. आधी काय काय केलं त्यानं, ते तर ऐका."

आणि त्या पहिल्यापासून वाचू लागल्या. प्रचंड सैन्य चालून आलं तेव्हा आसानं देवाचा धावा केला. बाई थांबून नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही असता तर?"

"मी पळालो असतो," ते म्हणाले. बाबासुद्धा हसले.

पुढं राजा म्हातारा झाला, देवापेक्षा परक्या राजावर विसंबला. देवाचा निरोप घेऊन आलेल्या एका संदेष्ट्यानं तोंडावर खरं सांगितलं, तर त्यालाच कोंडून टाकलं. बाई पुन्हा थांबल्या. "तुम्ही असता तर, भाऊ?"

बाबा माझ्याकडं न बघताच बोलले, "म्या तेच केलं की. खरं सांगणाऱ्या पोरीला हाकललं." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे वचन बरोबरच निघालं व्हतं. माझंच व्हतं ते. डॉक्टरला बोलव गं."

ऑपरेशन नीट झालं. आभार मानायला गेले तर ती खाट रिकामी. ते दोघं घरी गेले होते. कुठल्या चर्चचे, हेही विचारायचं राहिलं. त्यांना तिथं कुणी धाडलं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. देवावर सोपवणं म्हणजे आपलं डोकं बाजूला ठेवणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, त्याला शेवटपर्यंत बोलू देणं, मध्येच आपला निकाल न लावणं, हेच सोपवणं असावं.

बाबा थोडे लंगडतात. पण रविवारी बजाजनगरातल्या आमच्या घरून चर्चला माझ्याबरोबर पायी येतात. प्रभूची स्तुती असो.