नव्या गाडीवर बाबांचा हातोडा

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण चहा पिता पिता, आणि बऱ्याचदा हसत. पांढरी साडी आली की पान उलटतो. आमच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेनंतर देव्हारा राहिला नाही, नवस राहिले नाहीत, अंगात येणं तर नाहीच नाही. बाबा तेव्हा पस्तिशीच्या पुढे होते, पांढरे कपडे घालून स्वतः गेले होते. कोणी पिंपळावरच्या हडळीची गोष्ट सुरू केली की ते म्हणायचे, "दिसली तर घरी घेऊन ये गा तिले. चहा पाजतो अन् विचारतो, काय काम आहे."

तर अशा माणसाच्या मुलाला हा अनुभव लिहावा लागतोय. लाज वाटते… पण खोटं एक अक्षर नाही.

बाबा नागपूर स्टेशनवर चाकं तपासायला होते. आजच्या मुलांना हे काम सांगून कळत नाही. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन खाली रुळांत उतरायचं, डब्याडब्याजवळून चालत प्रत्येक चाकावर एक टोला हाणायचा आणि कान द्यायचा. चाक धडधाकट असलं की टण्ण वाजतं. कुठे चीर असली की आवाज बसतो… थड्! शंका आली की बाबा त्याच जागी पुन्हा टोला द्यायचे, मग थोडं थांबून आणखी एक. हे थांबणं त्यांचं स्वतःचं होतं. आमचं क्वार्टर यार्डाला लागून होतं. भाकरी थापता थापता माय ओळखायची. "हा नाही तुया बाबाचा हात," म्हणायची, आणि थोड्या वेळाने, "आता वाजलं पाह्य. आले ड्यूटीवर." मी कितीदा तरी खिडकीतून बघून खात्री केली असेल. ती कधी चुकली नाही.

रिटायर झाल्यावर आम्ही नागपुरातच इंदोऱ्यात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि दुसऱ्याच हिवाळ्यात बाबा झोपेत गेले. रात्री जेवले, मायला म्हणाले वरण छान झालं, झोपले. सकाळी माय चहा घेऊन उठवायला गेली… बस. आजारपण नाही, सेवा नाही, शेवटचा शब्द नाही. लोक म्हणायचे, नशीबवान माणूस, कोणाला त्रास दिला नाही. मायला याचाच राग यायचा. "मले तरी काही सांगून जायचं होतं," एवढंच ती म्हणायची, आणि कामाला लागायची.

माझी नोकरी तेव्हा भिवापूरला, पंचायत समितीत. लग्न झालेलं नव्हतं. माय इंदोऱ्याचं घर सोडायला तयार नव्हती, आणि शनिवारची एसटी चुकली की मला येता यायचं नाही. मग ती एकटी. म्हणून मोटारसायकलसाठी नाव नोंदवलं. ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट, तेव्हा गाडी दुकानात जाऊन उचलून आणायची वस्तू नव्हती, नंबर लागायची वाट बघावी लागायची. तो लागला एकदाचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष एखाद्याच गाडीत निघतो आणि बदनामी सगळ्यांची होते.

शनिवारी गाडी आणली. काळी, चकचकीत, सीटवर अजून प्लास्टिक. शेजारच्या काकू लिंबू घेऊन धावत आल्या, चाकाखाली ठेवायला. माय म्हणाली, "आमच्यात नाही चालत वं बाई. आण, त्याचं सरबत करतो." मग मायला मागे बसवून दीक्षाभूमीवर नेलं, वंदना केली, येताना पेढे घेतले. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला मोकळं हसताना बघितलं. माझ्या खांद्याला घट्ट धरून ती वाटभर बोलत होती, आणि वाऱ्यामुळे मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवून मी आडवा झालो होतो. गाडी अंगणात कडुलिंबाच्या सावलीत उभी. मायने मला हलवून जागं केलं.

"ऊठ बाबू. बाहेर कोणीतरी चाकं ठोकून राहिलं."

"पोरं असतील वं माय."

"पोरं नाही. ऐक तू."

मी ऐकलं, काही नाही. उठून बघितलं तर फाटकाची कडी आतून लावलेली, अंगणात चिटपाखरू नाही. मी थोडा चिडूनच तिला समजावलं, की इंजिन गरम होतं आणि निवताना टिकटिक वाजतं, सगळ्याच गाड्यांचं वाजतं. पण सकाळपासून मी गाडीला हातही लावलेला नव्हता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

चहा झाला. कप घेऊन मी दारातच उभा राहिलो, गाडीकडे बघत. नवी गाडी माणूस बघतच राहतो. डोळ्यांसमोर गाडी, आजूबाजूला कोणी नाही, लख्ख ऊन. आणि आवाज आला.

टण्ण. मागच्या चाकावर.

मग पुढच्या चाकावर… थड्.

पुन्हा तिथेच थड्. मग थांबणं. ते थांबणं मी लहानपणापासून ऐकलं होतं हो, ते कसं विसरेन… आणि मग तिसरा टोला. थड्.

माझ्या हातातला कप कलंडला, पायावर चहा सांडला, तरी मी जागचा हललो नाही. मागे वळलो तर माय चौकटीला धरून उभी. तिचा चेहरा भ्यालेला नव्हता. यार्डाकडे कान लावून भाकरी थापायची ना, अगदी तसा होता.

"त्यायचाच हात आहे," ती म्हणाली. "पुढचं चाक चांगलं नाही. तू या गाडीनं जाऊ नको."

सोमवारी ऑफिसात कळवलं की येत नाही, आणि गाडी ढकलत… हो, ढकलत, बसायची हिंमतच झाली नाही… लकडगंजच्या बाजूला रहीमभाईंचं गॅरेज होतं, तिथपर्यंत नेली. रस्त्याने लोक हसत होते, की नवी कोरी गाडी आणि हा पठ्ठ्या ढकलतोय.

रहीमभाईंनी ब्रेक बघितला, चेन बघितली, एक चक्कर मारून आले. "मक्खन है भाई. किसने बोला खराब है?"

मी म्हटलं, पुढचं चाक खोलून बघा. ते वैतागले. नव्या गाडीचं सील कशाला तोडायचं म्हणाले. मी हट्टच धरला. शेवटी त्यांनी चाक काढलं, तारा जिथे अडकवतात तो मधला हब रॉकेलने पुसला आणि उजेडात फिरवून बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. हबच्या कडेला केसाएवढी चीर होती, तारांच्या भोकांमधून निम्म्याहून जास्त गोल फिरलेली. धातू ओततानाच राहिलेला दोष. वरून रंग बसल्याने दिसत नव्हता. भिवापूरच्या वाटेवर, उमरेडच्या पुढे एखाद्या खड्ड्यात चाक आदळलं असतं, तर तारांसकट सुटून आलं असतं.

"तुमको समझा कैसे?" रहीमभाईंनी विचारलं.

"आवाज येत होता," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

विकणाऱ्यांनी कुरकुर न करता नवं चाक दिलं. गोष्ट इथे संपली असती तर मी ती कधीच सांगून टाकली असती. वडिलांनी मुलाला वाचवलं… ऐकायला किती बरं वाटतं. पण पुढचं ऐका.

नवं चाक बसलं त्या संध्याकाळी मला वाटलं, माय खूश असेल. ती चुलीपुढे बसून रडत होती. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

"काहून रडतेस वं माय? मी वाचलो ना."

"तू वाचला, मले आनंदच आहे गा," ती म्हणाली. "पण अंगणापर्यंत आले अन् घरात नाही आले. जाताना बोलले नाही, अन् आले तं गाडीशी बोलून गेले. मी दारातच होती ना उभी?"

मी तिच्याजवळ बसून राहिलो.

त्यानंतर तिला नादच लागला. मी दर शनिवारी यायचो, तर रविवारी जेवणं झाली की ती दारापुढच्या ओट्यावर येऊन बसायची, गाडीकडे तोंड करून. हातात निवडायला काहीतरी, म्हणजे मला वाटावं की कामच करतेय. मी भिवापूरच्या मिरच्या आणायचो, त्यांचे देठ काढायची. मधेच हात थांबायचा, मान थोडी कलायची, आणि पुन्हा देठ. एकदा म्हटलं, "माय, आत चल, ऊन लागेल." तर म्हणाली, "आवाज नको करू."

मलाही एक सवय जडली होती. सोमवारी निघण्यापूर्वी मी गाडीभोवती फिरून प्रत्येक नट हाताने बघायचो, तारांवर बोटं फिरवायचो. घाबरलेला माणूस होतो, दुसरं काय.

अशाच एका सोमवारी मागच्या चाकाचा मुख्य नट हाताने फिरला. पाना न लावता, नुसत्या बोटांनी. त्यात नट फिरू नये म्हणून जी पिन घालतात, ती नव्हतीच. पिन आपोआप गळत नाही, तिची टोकं वाकवलेली असतात. ती सरळ करून कोणीतरी ओढून काढली होती. मी भिंतीकडे बघितलं. बाबांचा जुना मोठा पाना नेहमीच्या खिळ्यावर नव्हता, ओट्याखाली पडला होता.

माय दारात होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं. तिने पदराची गाठ सोडली आणि पिन माझ्या हातावर ठेवली.

मी ओरडलो. काय काय बोललो आता आठवत नाही. तुला मला मारायचं होतं का, असं काहीतरी बोललो असणार.

"तुले जाऊ देलं असतं का मी?" ती म्हणाली. "तू गाडी काढताच सांगणार होती. काल सकाळी तू बाजारात गेला, तवा केलं. मले वाटलं, बिघडलेलं दिसलं की ते येतील. एकदा आले होते ना. आता आले तर म्हणणार होती, आत या, चहा घ्या, मंग जा."

"मग?"

"काल दिवसभर बसून राहिली. नाही आले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या म्हाताऱ्या बाईने एवढा मोठा पाना दोन्ही हातांनी धरून कसा फिरवला असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी तिथेच मातीत बसलो. ती येऊन शेजारी बसली, माझ्या हाताला लागलेलं ग्रीस पदराने पुसायला लागली.

"आता नाही येणार ते," ती म्हणाली. "नट तूच पाह्यला ना. तुले हाताले समजते आता. मंग त्यायले यायचं कामच काय राहिलं?"

मी नट आवळला, पिन घातली, टोकं वाकवली. ती बघत होती. खरं सांगू? तो नट आवळताना मला वाटत होतं, की मी कुणाच्या तरी तोंडावर दार लावतोय. पण मला साठ-सत्तर किलोमीटर जायचं होतं, आणि मी मेलो तर तिला कोण होतं?

पुढे ती ओट्यावर बसायची बंद झाली. मिरच्या आत बसून निवडायची. गाडी मी बरीच वर्षं वापरली, तिच्यात पुढे काहीबाही बिघडलंही, ते मला किंवा रहीमभाईंना सापडलं. तो आवाज पुन्हा कधी आला नाही. माय गेली तेव्हा मी तिच्याजवळ होतो. शेवटच्या दिवसांत ती बाबांचं नावही घेत नव्हती.

ज्या दोघा-तिघांना मी हे सांगितलंय, ते विचारतात की गेलेला माणूस आला कसा. कोणी म्हणतं भास, कोणी म्हणतं मनात शंका असेल तीच ऐकू आली. असेल. चीर मात्र खरी होती, रहीमभाईंनी ती माझ्या डोळ्यांदेखत नखाने चाचपली होती. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही आणि आता शोधतही नाही. मला छळतो तो दुसराच प्रश्न. माझ्यासाठी जो माणूस भर दुपारी अंगणात आला, तो तिच्यासाठी एकदा का नाही आला? ती दिवसभर बसली होती हो त्या ओट्यावर.