सव्वा मूठ गहू

माझ्या गळ्यावर, बरोबर मधोमध, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक व्रण आहे. नवीन वर्गातली मुलं पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे टक लावून बघतात, दुसऱ्या आठवड्यात माझ्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करतात, आणि मग विसरून जातात. मला विसरता येत नाही. त्या व्रणातून श्वास घेऊन मी जगले, आणि मी जगले म्हणून आमच्या घरातल्या दोन बायका पंधरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आमचं गाव चोपड्याच्या अलीकडे, केळीच्या बागांमधलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. आमच्या घरची कानबाई म्हणजे एक जुना नारळ, त्याला चांदीचे डोळे आणि नथ. वर्षभर ती स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात असे, त्या रविवारी चौरंगावर येई, सोमवारी नदीवर जाऊन पाण्यात बुडी मारून पुन्हा घरी. आदल्या दिवशी, शनिवारी, रोटाचे गहू मोजायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. म्हातारा असो की पाळण्यातलं पोर, पुरुष आहे ना, मग त्याची मूठ पडणार. त्या गव्हाच्या पिठाचं जे करायचं तो रोट. तो घरच्यांनीच खायचा, पौर्णिमेच्या आत संपवायचा, बाहेरच्या कुणाला द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरची. बायकांनी गहू निवडायचे, गिरणीवाल्याने धुऊन ठेवलेल्या चक्कीवरून दळून आणायचे, पुरणपोळ्या लाटायच्या, पण मूठ मात्र त्यांच्या नावाची नाही. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की कुणाला खटकतही नव्हतं.

मी सहा वर्षांची असताना, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मला घटसर्प झाला. शनिवारी गहू मोजले तेव्हा नुसता ताप होता. रविवारी सकाळी माझा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि ओठ काळे पडले. आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणाले, कानबाई बसू दे, मग बघू. कानबाई बसवायला थोरला मुलगा लागतो म्हणून वडील थांबले. आई थांबली नाही. थोरल्या सुनेने बसायच्या पाटावर त्या दिवशी धाकटी सून, माझी काकू, बसली. आई मला कडेवर घेऊन फाट्यावर गेली, आणि जळगावकडे निघालेला केळीचा ट्रक तिने रस्त्यात उभी राहून अडवला.

तापीच्या पुलावर माझा श्वास एकदा थांबला, असं आई सांगायची. तिथे तिला एक विचार आला. आदल्या दिवशी मोजलेल्या गव्हात माझी मूठ नव्हती. मग कानबाईला कसं कळणार की या घरात ही पण एक आहे? जी मोजणीतच नाही, तिला कानबाईमाय राखणार कशी? केळीच्या घडांना टेकून आईने बोलून टाकलं, की पोर जगली तर माझा जीव आहे तोवर तुझ्या रोटात तिची मूठ घालीन.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. मी जगले. गावात जो तो म्हणायचा, देव तारी त्याला कोण मारी. आई मात्र तेवढ्यावर सुटली असं समजली नाही. देव्हाऱ्यातली माय आता तिच्यासाठी घरातलं वडीलधारं माणूस झाली होती. शेतात जाताना तिला सांगून जायची, आल्यावर आले म्हणून सांगायची. वेचणीच्या दिवसांत बाकीच्या बायका ओला कापूस सुक्याखाली दडपायच्या, वजन भरावं म्हणून. आई आपला ओला कापूस वेगळा वाळत घालायची. कुणी हसलं तर म्हणायची, "माय देखस." माय बघते. माझ्या लहानपणी मला त्या चांदीच्या डोळ्यांची भीतीच वाटायची.

पुढच्या वर्षी शनिवारी आईने आबांना नवस सांगितला. आबा काही दुष्ट नव्हते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मूठ वंशनी राहस. पोर उद्या परघर जाई. तू मायले साडी चढाव."

"मी साडी नही बोलनू, आबा," आई म्हणाली. "मूठ बोलनू."

आबा सूप घेऊन उठले. त्या वर्षी एक मूठ नवीन होती, काकूच्या मुलाची. तो पहिलाच, जेमतेम चार महिन्यांचा. आबांनी त्याची मूठ मोजताना त्याला मांडीवर घेतलं होतं. आई गव्हाची पाटी डोक्यावर घेऊन गिरणीवर गेली, आणि वाटेत पदरात बांधून नेलेली माझी सव्वा मूठ तिने त्यात मिसळली. कुणालाही कळलं नाही. रोट झाला, सगळ्यांनी खाल्ला, वेळेत संपला.

भाद्रपदात काकूचं बाळ जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेलं.

घर सुन्न झालं होतं. दहावं झाल्यावर सगळे ओसरीवर बसलेले असताना आई आतून आली आणि उभ्यानेच म्हणाली, "रोटमा पोरनी मूठ मी टाकी व्हती. मायले माहीत शे, तुमलेबी माहीत पाह्यजे."

कुणी विचारलं नव्हतं. तोंडात मूग धरून बसली असती तर जन्मभर कुणाला पत्ता लागला नसता. पण तिला त्या घरात मायच्या समोर वावरायचं होतं, आणि काकूच्या समोरही. दोघींपैकी एकीलाच ठाऊक असलेली गोष्ट तिला पोटात ठेवता येईना. मी आजही ठरवू शकत नाही की हा तिचा खरेपणा होता की हट्ट. मला तिचा अभिमान वाटतो आणि रागही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी येतं.

काकू ओरडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. एक मूठ जास्त झाली म्हणून एक माणूस कमी झालं, हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण त्या दिवसापासून घराने ते धरून ठेवलं. आईने रोटाच्या गव्हाला हात लावायचा नाही असं आबांनी सांगितलं. काकू आईशी बोलायची बंद झाली. चूल एक, मोरी एक, आणि निरोप्या मी. "सांग त्यांना, डाळ शिजली." तीन हात अंतरावर उभ्या असलेल्या बाईला मी डाळ शिजल्याचं सांगायचे. पुढे काकूला दोन मुलगे झाले, तरी ती गाठ सुटली नाही.

आईने नवस सोडला नाही. दर वर्षी शनिवारी सगळ्यांचं मोजून झालं की ती माझी सव्वा मूठ देव्हाऱ्यापुढे ठेवायची, हात जोडायची, आणि तुपाच्या एका रिकाम्या डब्यात ओतायची. डब्यात कडुनिंबाचा पाला असे. दिवाळीनंतर ती त्या गव्हांना ऊन द्यायची, किडे निवडायची, पुन्हा भरून फळीवर ठेवायची. रोटात घालता येत नाहीत, पण आहेत, हे मायला दिसावं म्हणून.

मी पंधरा वर्षांची असताना माझं डोकं फिरलं. त्या दिवशी काकू मला म्हणाली होती, तो असता तर आज तिसरीत असता. मी फळीवरचा डबा काढला आणि अंगणात कोंबड्यांपुढे उपडा केला. आईला म्हणाले, "माझ्या जगण्याबद्दल आभार मानायचं बंद कर. मला लाज वाटते."

आई खाली बसली. एका हाताने कोंबड्या हाकलत मातीतून गहू वेचायला लागली. बराच वेळ वेचत होती. मग वर न बघता म्हणाली, "तू जगनी, हाई खोटं शे का?"

मायने काकूचं बाळ नेलं असं आई मानत नव्हती, माय अशी अदलाबदल करत नाही म्हणायची. पण खात्री किती होती, देव जाणे. रिकामा पाळणा माळ्याला टांगलेला होता, आणि त्याच्याखालून जाताना आई नेहमी थोडी वाकायची, डोकं लागत नसतानाही.

माझं लग्न झालं, मी भुसावळला रेल्वे कॉलनीत आले, शाळेत शिक्षिका म्हणून लागले. आबा गेले. नव्वदच्या दशकात, माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, आईला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्या वर्षी कानबाईला मी माहेरी गेले, खरं तर तिचं अंग पुसायला आणि तिला भरवायला. तिची खाट स्वयंपाकघरात, देव्हाऱ्यासमोर होती.

शनिवारी वडिलांनी सूप घेतलं. नावं घेत मुठी टाकल्या, स्वतःची, काकांची, काकूच्या दोन मुलांची. आईची नजर फळीवरच्या डब्यावर होती. डावा हात उचलायची, तो पडायचा, पुन्हा उचलायची. या वर्षीची मूठ राहिली होती. वडिलांनी पाहिलं आणि मान खाली घातली. आयुष्यभर त्या माणसाने दुसरं काही केलं नाही. कानबाई बसवायला थांबले होते, ते थांबलेच.

मी उठून डबा काढला आणि सुपाकडे गेले. वडील म्हणाले, "राहू दे. तुझी काकू बसली आहे."

खरंच होतं ते. तिच्यासमोर ती मूठ टाकायचा मला काय हक्क होता? मी डबा धरून नुसती उभी राहिले.

काकू उठली. तिने माझ्या हातातून डबा घेतला, झाकण काढलं, आतला पाला बाजूला केला. मला वाटलं, आता ही तो अंगणात फेकणार, आणि फेकला असता तरी मी काही म्हटलं नसतं. तिने मूठ भरली, सुपात टाकली, वर चिमूटभर आणखी टाकली. म्हणाली, "हाई पोरनी."

मग पुन्हा डब्यात हात घातला. या खेपेला मूठ भरायला तिला वेळ लागला.

"आनि हाई मना पोऱ्यानी."

मेलेल्या माणसाची मूठ कुणी मोजत नाही. वडिलांनी सूप तसंच धरून ठेवलं. काका उठून बाहेर गेले. आईच्या चांगल्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरत होतं, आणि ती काकूकडे बघत नव्हती, देव्हाऱ्याकडे बघत होती.

रोट झाला. मी लग्न झालेली, म्हणजे बाहेरची. माझ्या नावाच्या गव्हाचा रोट सगळ्यांनी खाल्ला आणि मला काकूने ताटात ज्वारीची भाकरी वाढली. ते तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने भाकरीवर तूप जास्त वाढलं.

पण पीठ सरेना. दोन मुठी जास्तीच्या होत्या आणि त्या खायला तोंडं नव्हती. पौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा दुपारी काकू रोट दुधात कुस्करून आईच्या खाटेवर येऊन बसली. मला म्हणाली, तू सरक. आईचं डोकं तिने आपल्या मांडीवर घेतलं आणि पंधरा वर्षांनी तिला हाक मारली.

"खाय, अक्का. पुनीना आगोदर सराले पाह्यजे."

आईने तोंड उघडलं. एक घास आईला, एक घास काकू स्वतः, असं करत दोघींनी वाटी संपवली.